एफ शार्प, ए शार्प, इन्फिनिटी: एलपी काही महिने वाजवल्यावर

गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर हा कॅनडातला वाद्यप्रधान रॉक बँड; त्याहून जास्त ओळख करून देत बसत नाही. ‘एफ शार्प, ए शार्प, इन्फिनिटी’ हा त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम. १९९७ साली मॉन्ट्रियलच्या कॉन्स्टेलेशन या रेकॉर्ड कंपनीने त्याची एलपी (सुईने वाजणारी मोठी तबकडी) काढली आणि १९९८ मध्ये क्रँकी या दुसऱ्या कंपनीने सीडी. दोन्हींचं नाव एकच असलं तरी माल वेगळा आहे. एलपीवर दोन बाजू मिळून साधारण ३८ मिनिटं, तर सीडीवर तीन रचना आणि ६३ मिनिटं. त्यातला ‘प्रॉव्हिडन्स’ एकटाच २९ मिनिटांचा. स्ट्रीमिंगवर मिळते ती सीडीचीच आवृत्ती. त्यामुळे ती ऐकून एलपी घेणाऱ्याला काहीतरी कापलंय असं वाटतं. कापलेलं काही नाही. एलपी आधीची आहे, सीडीसाठी नंतर भर घातली आणि काही तुकड्यांच्या जागाही बदलल्या.

पैसे कमी आणि मिनिटं जास्त, म्हणून सुरुवातीला माझा कल सीडीकडे होता. आता तो राहिलेला नाही. कारण एकच, बी बाजूची शेवटची खाच, म्हणजे सुई जिच्यातून फिरते ती कोरलेली रेघ. नावातली ‘इन्फिनिटी’ तीच. तिथे पोचल्यावर सुई आत सरकत नाही, त्याच वर्तुळात फिरत राहते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणजे तासाला २००० फेरे. तंतुवाद्यांचा तोच तुकडा उठून बंद करेपर्यंत वाजत राहतो. सीडीवर हा तुकडा येतो आणि संपतो. अल्बम कधी संपवायचा हे ऐकणाऱ्यावर सोडणं फक्त एलपीवर शक्य आहे, आणि माझ्या मते ही रचना त्यासाठीच आहे.

पण ही खाच यंत्राची परीक्षा घेते. सुईचा हात (टोनआर्म) ठरावीक जागी आला की उचलणारा ऑटोमॅटिक टर्नटेबल ती कदाचित वाजूच देणार नाही. हात झपाट्याने आत सरकला की बंद होणाऱ्यात ती सरकच येत नाही, त्यामुळे तो रात्रभर चालू राहील. मॅन्युअल टर्नटेबल उत्तम. मात्र सुई खाली असताना मोटर बंद करू नका, आधी लिव्हरने हात उचला.

दुसरी अडचण वेगाची. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच जाते, लेबलजवळ जेमतेम २०. तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो, म्हणून शेवटी व्हायोलिन खरखरतं. गोल टोकाच्या सुईत हे जास्त होतं. लंबगोल सुई लावा, प्रोट्रॅक्टरने (कोन जुळवायच्या पट्टीने) कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, नीट बसवा आणि सुईवर पडणारं वजन तराजूवर मोजा. एटी-व्हीएम९५ई हे कार्ट्रिज असेल तर २ ग्रॅम. वजन कमी ठेवल्याने रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उडते आणि भिंती खरवडते.

आता विक्रेत्याबद्दल. आयात केलेली एलपी, वर टपालखर्च, आणि आलेल्या प्रतीचं भोक मध्यभागी नव्हतं. ओळखायला सोपं आहे: वाजताना हाताकडे पाहा, प्रत्येक फेऱ्याला तो डावी-उजवीकडे डुलतो. लांबवलेले सूर त्याच तालात वर-खाली होतात. शेवटच्या खाचेत तर हे असह्य होतं, कारण तुकडाच एका फेऱ्याचा आहे; डगमग दर वेळी त्याच जागी येते आणि मूळ चालीचा भाग वाटू लागते. ‘सगळ्या रेकॉर्डी अशाच असतात’ हे विक्रेत्याचं उत्तर मान्य करू नका. पार्सल उघडल्याच्या दिवशीच हाताचा व्हिडिओ काढा. बदली प्रत मिळाली ती याच व्हिडिओमुळे, आणि तिच्यात तोच तुकडा स्थिर, स्वच्छ वाजतो. फरक इतका आहे की पहिल्या प्रतीवरून या अल्बमबद्दल मत बनवणं अन्यायच ठरलं असतं.

ए बाजूच्या सुरुवातीचं निवेदन जवळजवळ शांततेत येतं, तिथे धुळीची प्रत्येक टिकटिक ऐकू येते. प्रत्येक वेळी कार्बन ब्रश फिरवा.

आणि कव्हरमधलं पाकीट. त्यात रेल्वेखाली चेपलेलं कॅनडाचं एक सेंटाचं नाणं असतं. (ही नाणी २०१३ पासून वितरणातूनही गेली.) नाण्याची कड धारदार असते. रेकॉर्डी उभ्या दाटून ठेवल्या की ती आतल्या कागदातून दाबते. पाकीट तसंच राहू द्या. रेकॉर्ड जाड प्लॅस्टिकच्या आवरणात घालून कव्हरच्या मागे ठेवा.