जुनं विलायती घर: आधी फटी की आधी खिडक्या?

इंग्लंडात शंभरेक वर्षांपूर्वीचं टेरेस घर (शेजारच्यांना चिकटून रांगेत बांधलेलं) घेतलं की पहिल्याच नोव्हेंबरात अनुभव येतो: थर्मोस्टॅट 21 वर आणि पाय बर्फासारखे. मग घरात चर्चा सुरू होते. एकाला डबल ग्लेझिंग, म्हणजे दुहेरी काचेच्या खिडक्या हव्यात, दुसऱ्याला हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता विजेवर घरात ओढणारं यंत्र. आमच्याकडेही हेच झालं. दोन्हीच्या आधी मी उदबत्ती लावली.

वारा सुटलेल्या संध्याकाळी सगळ्या खिडक्या बंद करून पेटती उदबत्ती दाराच्या कडेने, भिंत आणि लाकडी जमीन मिळते तिथून, दारातल्या टपाल टाकायच्या फटीपाशी हळूहळू फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक, आडवा पळाला तर तिथून पैसे बाहेर चाललेत. आमच्याकडे सर्वांत जोरात तो बंद पडलेल्या फायरप्लेसपाशी ओढला गेला. धुराडं म्हणजे छतापर्यंतचं उघडं भोकच! लोकरीचा बोळा किंवा फुगा आत बसवला की काम होतं, फक्त पुढे कधी आग पेटवायची झाली तर तो आधी काढायचा. दाराखाली ब्रशची पट्टी, टपालाच्या फटीला झडप, फळ्यांमधल्या भेगांना फिलर. एवढं सगळं एका शनिवार-रविवारी होतं आणि खिडक्यांच्या तुलनेत खर्च नगण्य.

पण फटी बुजवण्याचा उत्साह आवरता घ्या. बाहेरच्या भिंतीत खाली जाळीच्या विटा असतात, त्या लाकडी जमिनीखालची हवा खेळती ठेवतात. त्या बंद केल्या तर तुळया कुजतात. गॅसच्या उपकरणासाठी ठेवलेला झरोकाही बुजवायचा नाही. आणि आपल्या स्वयंपाकात कुकरच्या शिट्ट्या, त्यात रेडिएटरवर (खोली तापवणाऱ्या, गरम पाणी फिरणाऱ्या पत्र्यावर) वाळत टाकलेले कपडे. दमट हवा बाहेर फेकणारा पंखा न लावता घर घट्ट केलं तर कोपऱ्यात काळी बुरशी धरलीच समजा.

दुसरा नंबर माळ्याचा. तिथे 270 मिलिमीटर जाडीची लोकर (उष्णता अडवणारी, खनिज तंतूंची) हवी: तुळयांमध्ये एक थर, वरून आडवा दुसरा. जुन्या घरांत अनेकदा जेमतेम निम्मी असते. तिच्यावर भारतवारीच्या बॅगा रचून ठेवल्या की ती दबते आणि तिचा उपयोग घटतो.

आता खिडक्या. एकेरी काच जाऊन दुहेरी आली की खोलीत फरक जाणवतो, रस्त्याचा आवाजही कमी होतो. पण खर्च हजारो पौंडांत, आणि नुसत्या बिलाच्या बचतीतून तो वसूल व्हायला फार वर्षं लागतात. संरक्षित भागात घर असेल तर परवानगीचाही प्रश्न येऊ शकतो. चौकट कुजली असेल तर बदला. नसेल तर आतून दुसरी काच किंवा हेअर ड्रायरने ताणून बसवायची पारदर्शक फिल्म, आणि जाड पडदे. पडदा रेडिएटरवर लोंबला तर उष्णता खिडकीकडेच जाते, हे मला दुसऱ्या हिवाळ्यात सुचलं.

हीट पंपाला इंग्लंड-वेल्समध्ये 7,500 पौंडांचं सरकारी अनुदान आहे, म्हणून मोह होतो. हिशोब बघा: तो एका युनिट विजेतून साधारण तीन युनिट उष्णता देतो, पण विजेचं युनिट गॅसच्या जवळपास चौपट महाग. म्हणजे गळक्या घरात, मोठे रेडिएटर न बसवता तो घेतला तर बिल उतरेलच असं नाही. आधी घर घट्ट, मग पंप.

गॅसचा बॉयलर (रेडिएटरचं पाणी तापवणारं यंत्र) चांगला चालत असेल तर एक फुकटचा उपाय. तो कंडेन्सिंग कॉम्बी असेल, म्हणजे धुरातली उष्णता परत वापरणारा आणि नळाचं पाणी टाकीशिवाय लागेल तेव्हा तापवणारा, तर रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान 75-80 वरून 60 च्या आसपास आणा. परतीचं पाणी 55 च्या खाली आल्यावरच तो धुरातल्या वाफेची उष्णता नीट परत मिळवतो. खोल्या सावकाश तापतात, एवढंच. गरम पाण्याची टाकी असलेल्यांनी मात्र हे परस्पर करू नये, टाकीतलं पाणी जंतूंमुळे 60 ला ठेवावं लागतं.

विजेचा पोर्टेबल हीटर? आत तेल भरलेला घ्या नाहीतर पंख्याचा, एका युनिटला उष्णता तेवढीच. एकटं माणूस एका खोलीत तासभर बसणार असेल तर ठीक, घरभर नको.

भाड्याच्या घरात असाल तर ब्रश, फिल्म आणि पडदे एवढं घरमालकाला विचारून स्वतः करा. माळ्याच्या लोकरीचा आग्रह त्याच्याकडे धरा, तोही लेखी.