किल्लीचं कुलूप की बोटाचं?

भाच्याचं अनगोळला घर होत आलंय. सुताराने मुख्य दार बसवलं आणि विचारलं, कुलपाचं भोक केवढं पाडू? त्यावरून रात्री भाच्याचा फोन. "मामा, साधं कुलूप घालू की ते बोट लावायचं? सुतार उद्या सकाळी येतोय, आत्ताच सांग की." फोनवर जे अर्धवट बोललो ते इथे नीट लिहितोय. सध्या बेळगावात प्रत्येक नव्या दारासमोर हाच प्रश्न उभा आहे.

आधी चोराचं बघू. आपल्याकडे पेपरात घरफोडीची बातमी आली की त्यात 'कडी-कोयंडा उचकटून' हे शब्द ठरलेले. कुलपात तार घालून कान लावून बसणारा चोर सिनेमातला. खरा चोर कटावणी घालतो आणि कुलूप जसंच्या तसं बंद, कोयंड्यासकट खाली पडतं. नऊ लिव्हरचं (लिव्हर म्हणजे किल्लीने उचलायच्या आतल्या पट्ट्या) असो की चार, त्याला फरक नाही. म्हणजे वीस हजारांचं इलेक्ट्रॉनिक कुलूप हलक्या प्लायवूडच्या दाराला लावलंत, तर पैसे दाराच्या चुकीच्या बाजूला गेले. चौकट सागवानी किंवा लोखंडी, चौकटीतल्या, कुलपाची जीभ अडकते त्या पट्टीचे स्क्रू लांब, आत भिंतीपर्यंत गेलेले, हे पहिलं. कुलूप त्यानंतर.

टांगतं कुलूप आणखी एक गोष्ट करतं. घरात कुणी नाही, हे ते रस्त्यावरून जाणाऱ्याला सांगतं. सौंदत्तीला यल्लम्माला गेलात, दोन दिवस पुण्याला मुलीकडे गेलात, दाराला कुलूप लटकतंय. दारात बसवलेलं कुलूप, मग ते किल्लीचं असो की बोटाचं, बाहेरून काही सांगत नाही. त्यामुळे टांगतं की बसवलेलं, हा फरक मला किल्ली की बोट या फरकापेक्षा मोठा वाटतो.

आता किल्लीची बाजू. लंडनमध्ये ब्रामा नावाच्या कुलपवाल्याने 1790 साली दुकानाच्या काचेत एक कुलूप ठेवलं होतं, उघडून दाखवा आणि 200 गिनी घेऊन जा म्हणून. ते 1851 पर्यंत कुणाला उघडलं नाही. मग हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने उघडलं, पण 16 दिवसांत मिळून 51 तास खर्ची घालून. एवढी सवड टिळकवाडीत कुठल्या चोराला मिळणार? आज घरोघरी दिसणारं पिनांचं कुलूप, म्हणजे किल्लीच्या दात्यांनी आतल्या पिना उचलणारं, येल नावाच्या अमेरिकनाने 1861 मध्ये पेटंट केलं, ते अजून चालतंय. स्वस्त कुलपात मात्र पाच पिना आणि प्रत्येकीसाठी दाता सहा प्रकारे कमीजास्त खोल कापलेला धरला, तर सगळ्या मिळून 7,776 वेगळ्या किल्ल्या होतात. चांगल्या सिलिंडरमध्ये, म्हणजे किल्ली जाते त्या नळीत, पिना जास्त असतात, आणि किल्लीची नक्कल फुटपाथवर सहज निघत नाही. घ्यायचंच तर तसं घ्या.

किल्ली म्हणजे शेवटी दात्यांचे आकडेच. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये 195 फुटांवरून काढलेल्या फोटोवरून किल्ली बनवून दाखवली. म्हणून भाच्याला पहिली गोष्ट सांगितली, वास्तुशांतीच्या दिवशी नव्या किल्लीचा फोटो स्टेटसला ठेवू नकोस. त्याने तो आदल्या आठवड्यातच ठेवला होता.

किल्लीच्या कुलपाचा खरा कच्चा दुवा कुलपात नसतो, घरात असतो. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे, एक कामवाल्या मावशींकडे, एक गवंड्याने घेतली होती ती परत आली की नाही कुणाला आठवत नाही. कानडीत किल्लीला 'कीलिकै' म्हणतात, म्हणजे कुलपाचा हात. हात किती आणि कुणाकुणाकडे, हे मोजता येत नसेल तर कुलूप बदलायची वेळ झाली.

इथे इलेक्ट्रॉनिक कुलूप खरोखर जिंकतं. इंजिनिअरिंगच्या पोरांना खोल्या भाड्याने देणाऱ्यांना विचारा. पोरगं गेलं की कुलपाच्या बटणांवर दाबायचा त्याचा नंबर पुसायचा, नव्याला नवा द्यायचा. सिलिंडर बदलणं नाही, डिपॉझिटातून किल्लीचे पैसे कापण्यावरून वाद नाहीत. मावशींना स्वतःचा वेगळा नंबर दिला की त्या किती वाजता आल्या हेही बऱ्याच कुलपांत कळतं. (तेवढ्यासाठी कुणाच्या मागे लागू नका, पण माहिती असलेली बरी.) शिवाय आतून मूठ फिरवली की दार उघडतं. रात्री ग्रीलला आतून कुलूप घालून किल्ली देव्हाऱ्यात ठेवायची आपल्याकडे सवय आहे. आग लागली तर धुरात ती किल्ली शोधायची कुणी?

पण बोटाचं कुलूप बोटावर चालतं, आणि आपल्याकडची बोटं कामाची आहेत. माझी आत्या निपाणीची. चाळीस वर्षं विड्या वळल्या तिने. रेशनला तिचा अंगठा लागत नाही आणि माझ्या दारालाही लागला नाही. सहा वेळा लावला, कुलूप पाच मिनिटांसाठी बंद पडलं आणि ती पायरीवर बसून म्हणाली, "तुझ्या घरात यायला पण आधार कार्ड लागतंय होय रे?" उद्यमबागेत लेथवर किंवा फाउंड्रीत वाळूत हात घालणाऱ्यांचंही तेच. घरात असं कुणी असेल तर बोटाबरोबर नंबर आणि कार्ड दोन्ही चालणारंच कुलूप घ्या, आणि दुकानातच त्यांचं बोट लावून बघा.

नंबरालाही खोड आहे. चार आकड्यांचे दहा हजार प्रकार होतात हे खरं. पण पोळ्या लाटता लाटता कुणीतरी उठून हळदीच्या बोटांनी नंबर दाबत असेल, तर चार बटणांवर पिवळे डाग पडतात. चार वेगवेगळे आकडे कळले की क्रम लावायला फक्त 24 प्रकार उरतात. आकडे सहा ठेवा, पॅड पुसत जा. खऱ्या नंबराच्या पुढेमागे खोटे आकडे दाबता येतात अशी सोय काही कुलपांत असते, ती वापरा.

मोबाइलवरून उघडणाऱ्या कुलपांबद्दल मी थोडा कडक आहे. 2016 मध्ये डेफ कॉन या अमेरिकेतल्या हॅकरांच्या परिषदेत ब्लूटूथची 16 कुलपं तपासून दाखवली, त्यांतली 12 उघडली. 2017 मध्ये एका कंपनीने इंटरनेटवरून चुकीचं अपडेट पाठवलं आणि सुमारे 500 कुलपं बंद पडली. 2024 मध्ये सॅफलॉक या हॉटेलांच्या कार्ड-कुलपांतली खोट संशोधकांनी जाहीर केली. ती 131 देशांतल्या 30 लाखांहून जास्त दारांवर होती. लोखंडी कुलपात खोट निघाली तरी चोराला प्रत्येक दारापाशी जाऊन खपावं लागतं. इथे एक युक्ती सापडली की त्या जातीची सगळी दारं एकदम उघडी, आणि दुरुस्ती दारोदार जाऊन करावी लागते. घराच्या कुलपाला वाय-फाय लागत नाही. असेल तर बंद ठेवा.

बॅटरीची भीती मात्र फाजील आहे. वीज गेली म्हणून ही कुलपं बंद पडत नाहीत. साधारण चार पेन्सिल सेलवर चालतात, संपत आले की आठवडेच्या आठवडे ओरडतात, आणि अगदीच संपले तरी बाहेरून चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी किंवा यूएसबीची वायर टेकवून उघडायची सोय बहुतेकांत असते. पावसाची भीती खरी. खानापूर, जांबोटीकडे तर विचारूच नका, पण बेळगावातही आषाढात लाकूड फुगतं. किल्लीच्या कुलपाला आपण खांदा लावतो, दार ओढून धरतो, किल्ली फिरवतो. मोटरला खांदा नसतो. माझं कुलूप गेल्या जुलैत रोज घर्र घर्र करून अर्ध्यात थांबायचं. शेवटी सुताराने दार तासलं, चौकटीतली पट्टी दोन सूत सरकवली, तेव्हा सुटलो. जुन्या वाड्यांच्या दोन फळ्यांच्या दारांना तर हे कुलूप धडपणे बसतच नाही. त्यांना कडी आणि आतला अडसर बरा.

विम्याचा मुद्दा कुणी काढत नाही. घरफोडीच्या पॉलिसीत बळजबरीने आत शिरल्याच्या खुणा मागतात, आणि अशी अट असेल तर नुसती चोरी पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये मान्य केलंय. बनावट किल्लीने किंवा चोरलेल्या नंबराने शांतपणे उघडलेल्या दारावर ओरखडा नसतो. सोनं बँकेच्या लॉकरात ठेवा, तिथे आजही तुमची एक आणि बँकेची एक अशा दोन किल्ल्या लागतात.

किमतीचं सोपं आहे. चांगलं बसवायचं किल्लीचं कुलूप दोन-तीन हजारांत येतं, इलेक्ट्रॉनिक सात हजारांपासून पुढे कितीही.

तर भाच्या, घरात दोघं नोकरीला, वर एक भाडेकरू, येणंजाणं सतत. पुढच्या दाराला नंबर-कार्ड-बोट असं तिन्हीवालं घे, पण आणीबाणीला किल्लीनेही उघडणारं. ती किल्ली घरात ठेवू नकोस, माझ्याकडे शहापूरला आणून दे. मागच्या दाराला आतून अडसर, बाहेरून काहीच नको. गावाकडच्या घरी आईला हे सगळं सांगायला जाऊ नकोस, तिथे कडी-कोयंडा जाड करून घे, पुरे.

आणि सुताराला उद्या भोक पाडू देऊ नकोस. दार नवं आहे, पाऊस चालू आहे. दसऱ्यापर्यंत लाकूड बसू दे. तोवर माझ्याकडचं जुनं पितळी कुलूप घेऊन जा. चांगलं आहे, वडिलांच्या वेळचं. किल्ल्या तीन होत्या, दोन आहेत.