परमवीर चक्र आणि अशोक चक्र: फरक नेमका कुठे?

आमच्या विदर्भातल्या गावांत भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. सगळ्यात मोठं पदक कोणतं, असं विचारलं की एकच उत्तर येतं: परमवीर चक्र. मानाच्या क्रमात ते पहिलं, हे खरंच. पण अशोक चक्राला 'शांततेतलं पदक' म्हणून कमी लेखलं जातं, ते मला अजिबात पटत नाही.

परमवीर मिळतं ते शत्रूसमोरच्या पराक्रमासाठी. नागपूरजवळ कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे. याच रेजिमेंटचे लान्स नायक अल्बर्ट एक्का १९७१ च्या युद्धात आताच्या बांगलादेशातल्या गंगासागरला जखमी अवस्थेत पुढे सरकत राहिले, शत्रूची मशीनगन बंद पाडली आणि शहीद झाले.

अशोक चक्र रणांगणाबाहेरच्या शौर्यासाठी असतं, आणि ते पोलिसांना, सामान्य नागरिकांनाही मिळू शकतं. तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण सोडली नाही. म्हणूनच तो जिवंत हाती लागला. याला दुय्यम कोण म्हणेल?

परमवीर चक्र २६ जानेवारी १९५० ला सुरू झालं, अशोक चक्र ४ जानेवारी १९५२ ला. परमवीर कांस्याचं, फीत जांभळी. अशोक चक्र सोनेरी, हिरव्या फितीवर मधोमध केशरी रेघ.

गडचिरोलीच्या जंगलात लढणाऱ्या पोलीस जवानांचं शौर्य याच दुसऱ्या मालिकेत मोजलं जातं: अशोक, कीर्ती, शौर्य चक्र. आपल्या शाळांतल्या १५ ऑगस्टच्या भाषणांत ही नावंही यायलाच हवीत.