माशांच्या टाकीला कुठलं सिलिकॉन? नऊ महिन्यांच्या वापरानंतर

बाबांची जुनी टाकी मी गेल्या नोव्हेंबरात पूर्ण खरवडून सिलिकॉनने, म्हणजे काचा जोडायच्या रबरासारख्या सीलंटने, नव्याने सांधली. आता ऑगस्ट सरत आलाय. या नऊ महिन्यांत ती एकदाही पाझरली नाही, आतले मासे धडधाकट आहेत, आणि जुलैत त्याच प्रकारचं सिलिकॉन वापरून मी खाली सम्पही, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी, बनवला. पण त्याआधी, ऑक्टोबरात, सिलिकॉनची चुकीची नळी वापरून मी मासे गमावले होते. हे लिहायला बसले ते त्यांच्यामुळे.

टाकी ३० इंच लांब, १२ रुंद, १५ उंच. काच ६ मिलिमीटरची. परळच्या चाळीत होती तेव्हापासूनची, आता आमच्याबरोबर भांडुपला आली. मागच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी झिरपायला लागलं आणि स्टँडचं प्लाय फुगलं, तेव्हा लक्षात आलं. घरात बाथरूमच्या कामातून उरलेली अर्धी नळी होती. वर ‘१००% सिलिकॉन’ असं छापलेलं, आणि दाबली की व्हिनेगरसारखा आंबट वास. आंबट वासाचं सिलिकॉन माशांना चालतं हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं, म्हणून निर्धास्त होते. कोपरा आतून भरला, दोन दिवस सुकवला, पाणी भरलं, तिसऱ्या दिवशी मासे सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सहा चेरी श्रिंप, म्हणजे शोभेच्या बारीक कोळंब्या, तळाला पडलेले होते. संध्याकाळपर्यंत चार निऑन टेट्रा गेले. उरलेल्यांना मी रात्री बादलीत काढलं म्हणून ते वाचले. फिल्टरचा स्पंज जुनाच होता, पाण्याला अँटी-क्लोरीनही घातलं होतं. बदललं होतं ते फक्त कोपऱ्यातलं सिलिकॉन. नंतर नळी उलटी करून मागची बारीक अक्षरं भिंगाखाली वाचली. ‘बुरशीरोधक’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

आंबट वास येतो कारण सिलिकॉन हवेतली आर्द्रता शोषून घट्ट होतं आणि तसं होताना असेटिक आम्ल बाहेर टाकतं. व्हिनेगरमध्ये तेच आम्ल असतं. या प्रकाराला दुकानात ‘असेटिक’ किंवा ‘असेटॉक्सी’ म्हणतात. दुसरा प्रकार ‘न्यूट्रल’. त्यात काही नळ्या अल्कोहोल सोडतात, काही ऑक्झाइम नावाचं रसायन. म्हणजे वासावरून कळतं ते एवढंच, की सिलिकॉन कुठल्या पद्धतीने सुकतं. त्यात आणखी काय मिसळलंय हे वास सांगत नाही. बाथरूमच्या कित्येक नळ्या असेटिकच असतात आणि वर त्यांत बुरशीनाशक घातलेलं असतं. ‘१००% सिलिकॉन’ या शब्दांनीही बुरशीनाशक नाही अशी हमी मिळत नाही.

या बुरशीनाशकांबद्दल वाचल्यावर मला फार वाईट वाटलं. त्यांत झिंक पायरिथिऑन असू शकतं, आयसोथायझोलिनोन गटातली रसायनं असू शकतात. झिंक पायरिथिऑन कोंड्याच्या शाम्पूत असतं, म्हणून ते घरगुती आणि निरुपद्रवी वाटतं. पण तेच, आणि दुसऱ्या गटातलं डीसीओआयटी, जहाजांच्या तळाला लावायच्या रंगातही घालतात, बार्नेकल (जहाजांना चिकटणारे शिंपल्यासारखे जीव) आणि शेवाळ चिकटू नये म्हणून. पाण्यातल्या जिवांना दूर ठेवणं हेच ज्याचं काम, ते मी ऐंशी लिटरच्या बंद पाण्यात लावलं होतं. श्रिंप आधी जातात, कारण अशा गोष्टी त्यांना माशांहून लवकर भोवतात. दोन दिवसांत सिलिकॉन पूर्ण सुकलंही नसणार, म्हणजे आम्लाचाही वाटा असेल. कशाचा किती, हे आता वेगळं काढता येणार नाही. घाई आणि नळी, दोन्ही माझ्याच चुका.

नोव्हेंबरात सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटच्या शोभेच्या माशांच्या दुकानदारांकडे गेले, तिथून नागदेवीला हार्डवेअरच्या दुकानांत. ‘अ‍ॅक्वेरियम’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली नळी साध्या नळीच्या जवळजवळ दुप्पट किमतीला होती. मी दोघींची तांत्रिक माहितीपत्रकं फोनवर उघडून तिथेच वाचली. दुकानदाराने थोडी कुरकुर केली, पण थांबला. साधी ‘जीपी’, म्हणजे जनरल पर्पज, काळी असेटिक नळी होती. पत्रकात बुरशीनाशकाचा उल्लेख नव्हता आणि काचेच्या टाक्यांसाठी चालेल असं लिहिलं होतं. मी तीच घेतली. पत्रकात ‘मत्स्यालयासाठी वापरू नये’ असं एखादं वाक्य शेवटी असतं, ते शोधायचंच. काही पत्रकांवर एफडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाचा, १७७.२६०० हा क्रमांक दिसतो. तो अन्नाला लागणाऱ्या रबरासाठीचा अमेरिकन नियम आहे. चांगली खूण आहे, पण तो माणसांच्या जेवणाबद्दल बोलतो, श्रिंपबद्दल नाही.

आणि तारीख! उत्पादनाची तारीख बघितल्याशिवाय नळी घेऊ नका. बहुतेक नळ्या साधारण वर्षभर टिकतात, आणि उकाड्यात पडून राहिलेली जुनी नळी कधीकधी सुकतच नाही, चिकट राहते. मी घरी आल्यावर आधी प्लास्टिकच्या पिशवीवर बोटभर रेघ ओढून रात्रभर ठेवली. सकाळी ती रबरासारखी सुटून आली, ओढली तर ताणली, तुटली नाही. मगच टाकीला हात लावला.

ऑक्टोबरातल्या माझ्या डागडुजीतली दुसरी चूक आमच्या काचवाल्या मामांनी दाखवली. मी भरलेला कोपरा त्यांनी नखाने उचलला आणि अख्खी पट्टी हातात आली. “ताई, जुन्यावर नवं धरत नाही. सगळं खरवडा, नाहीतर हात लावू नका.” सुकलेल्या सिलिकॉनला ताजं सिलिकॉन नीट चिकटत नाही, आणि एका कोपऱ्याला जोड द्यायचा तर तो जोडच कच्चा राहतो. मामांनी काचांमधले सांधे तपासले. एक सोडून बाकी सगळे भक्कम होते. त्या एका कोपऱ्याची काच त्यांनी सोडवून पुन्हा बसवली. आतली कडेची पट्टी मात्र चारही बाजूंची मी काढली. नव्या ब्लेडने, तीन संध्याकाळी लागल्या. काचेवर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर उरतोच. बोट फिरवलं की अडखळतं, तिथे तो असतो. केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं आणि दरवेळी नवा कपडा घेऊन पुसलं. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, काहींत तेल असतं. माझ्या मते निम्मं यश या खरवडण्यात आहे, नळी त्याच्यानंतर येते.

एवढा जीव का काढायचा? पाणी ३५ सेंटीमीटर भरलं की पुढच्या काचेवर सगळा मिळून सुमारे ४६ किलोचा रेटा येतो. एखादं माणूस रात्रंदिवस काचेला टेकून उभं असल्यासारखं. तो सगळा सांध्यांनी धरलेला असतो.

भरायला मला भीती वाटत होती, पण ते काम पटकन झालं. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावायची, नोझल तिरकं कापायचं, एका दमात रेघ ओढायची, ओल्या बोटाने एकदाच फिरवायचं आणि वर साय धरायच्या आत टेप काढायची. साय धरल्यावर टेप ओढली तर कड फाटते. अख्ख्या टाकीला अर्धी नळीसुद्धा लागली नाही.

वाट पाहणं जास्त कठीण गेलं. सिलिकॉन बाहेरून आत सुकतं, साधारण दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. वरून कोरडं लागलं तरी आत ओलं असतं. मी सात दिवस थांबले. कोपऱ्याला नाक लावून वास पूर्ण गेलाय याची खात्री केली, मग थर्माकोलच्या शीटवर टाकी ठेवून गॅलरीत दोन दिवस भरून ठेवली, कडांखाली वर्तमानपत्र पसरून. कागद कोरडा राहिला. ते पाणी ओतून पुन्हा भरलं. मासे त्यानंतर.

सम्प जुलैत केला, आणि पावसाने हिशेब बदलला. हवेत इतका ओलावा होता की नोव्हेंबरात जी साय धरायला दहा-बारा मिनिटं लागत होती ती पाचेक मिनिटांत धरली. दोन काचांमध्ये भरून मी तिसरीकडे वळले तोवर पहिलीवरची टेप चिकटून बसली. मुंबईत पावसाळ्यात करणार असाल तर एका वेळी एकच सांधा घ्या. आर्द्रतेने सुकणं लवकर होतं हा फायदा आहे, पण थांबायचे दिवस मी कमी केले नाहीत.

एक प्रयोग फसला. मॉली माशाच्या पिल्लांसाठी टाकीत कप्पा हवा होता, म्हणून अ‍ॅक्रिलिकचा तुकडा सिलिकॉनने काचेला चिकटवला. चौथ्या महिन्यात तो एका बाजूने सुटला. सिलिकॉन काचेला घट्ट धरतं, अ‍ॅक्रिलिकला तसं नाही. अ‍ॅक्रिलिक अ‍ॅक्रिलिकला जोडायचं तर कड विद्रावकाने विरघळवून जोडतात. २०१५ मध्ये तारापोरवाला मत्स्यालयात अ‍ॅक्रिलिकचा बोगदा आला तेव्हा मी मुलाला घेऊन गेले होते आणि याची कड कशाने सांधली असेल म्हणून शोधत राहिले होते. तेव्हा कळलं नाही. माझ्या टाकीत त्या सुटलेल्या तुकड्याच्या जागी काचेची पट्टी बसवली आहे.

शेजारच्या वहिनींना सिमेंटच्या कुंडीत कमळ आणि गप्पी ठेवायचे होते. त्यांना माझी उरलेली नळी दिली नाही. असेटिकचं आम्ल सिमेंटला, संगमरवराला आणि काही धातूंना खातं. तिथे न्यूट्रलच लागतं, आणि तेही बुरशीनाशक नसलेलं शोधावं लागतं.

नऊ महिन्यांनी सांधे कसे आहेत? काळा रंग घेतला याचं समाधान आहे. पारदर्शकाच्या कडेला शेवाळाची हिरवी रेघ दिसत राहते, काळ्यात ती लपते. पट्टी कुठेही उचललेली नाही. उजव्या कोपऱ्यात हवेचा एक बारीक बुडबुडा राहिला होता, त्याचा फोटो दर महिन्याला काढते. तेवढाच आहे, वाढला नाही. मार्चमध्ये काच साफ करताना स्क्रेपरचं पातं पट्टीत घुसून दोनेक सेंटीमीटर चीर पडली. ती वरवरची होती, पण तेव्हापासून कडांजवळ फक्त स्पंज फिरवते. डिसेंबरात दहा चेरी श्रिंप सोडले होते. आता मोजता येत नाहीत. कित्येक माद्यांच्या पोटाखाली अंडी दिसतात.

आता मुलाला ४ फुटांची टाकी हवी आहे, २ फूट उंच. तिच्यात ५५ सेंटीमीटर पाणी धरलं तर पुढच्या काचेवर सुमारे १८० किलोचा रेटा येतो. उंची वाढली की रेटा तिच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. ती मी घरी जोडणार नाही, मामांकडेच देणार. सिलिकॉनची नळी मात्र तारीख बघून मी आणणार, असं त्यांना आधीच सांगून ठेवलंय. ते हो म्हणालेत.