फेरारीचे रंग वेबसाइटला वापरले, रिव्ह्यू देतोय

निकाल आधीच सांगतो, फेरारीचं कलर पॅलेट (ठरलेल्या रंगांचा संच) म्हणजे लाल, पिवळा, काळा आणि जोडीला पांढरा, डिजिटल कामाला लई भारी आहे, पण नेटवर जसं तयार मिळतं तसंच्या तसं उचलून टाकलं तर माणूस दोन मिनिटं पण स्क्रीन वाचू शकणार नाही.

काम होतं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानाचं, वेबसाइट आणि ऑर्डरचं ॲप. मालकांची अट एकच, "लाल पाहिजे आणि तो पण फेरारीचाच." कोल्हापूरकरांना गाड्यांचं वेड किती ते सांगायला नको, दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी बघायला दसरा चौकात गर्दी होते इथं, त्यामुळं त्यांचा हट्ट मला मनापासून पटला.

या रंगांमागची गोष्ट कळली की ते किती वापरायचे ते पण कळतं. शंभरेक वर्षांपूर्वी रेसिंगमध्ये गाडीचा रंग देशावरून ठरायचा, इंग्लंडला हिरवा, फ्रान्सला निळा, इटलीला लाल, तोच हा रोसो कोर्सा, म्हणजे रेसिंगचा लाल. पिवळा मोडेना शहराचा, कंपनी काढणारे एन्झो फेरारी तिथलेच. काळा घोडा पहिल्या महायुद्धातला इटालियन पायलट फ्रान्सेस्को बराक्का याच्या विमानावरचा, आणि १९३२ मध्ये बेल्जियमच्या स्पा रेसला तो पिवळ्या ढालीवर बसून फेरारींच्या टीमच्या गाडीवर आला. आता बघा, गाडीवर पिवळा किती असतो? ढालीएवढा. आणि डिझाइनवाले काय करतात, तिन्ही रंग सारखे वाटून टाकतात, तिथंच सगळं बिघडतं.

लाल अख्ख्या गाडीला शोभतो कारण गाडी आपण बघतो, स्क्रीन वाचावी लागते. म्हणून मी लाल फक्त ऑर्डरच्या बटणाला आणि किमतीला ठेवला. कांदा-लसूण चटणी जशी चमच्यानंच घालायची असते तसा हा रंग आहे.

आता खरी अडचण. फेरारी रेड म्हणून नेटवर दोन वेगळे लाल फिरतात. एकाचा आरजीबी (स्क्रीनवर लाल, हिरवा, निळा किती ते सांगणारे ० ते २५५ मधले तीन आकडे) २१२, ०, ० आणि दुसऱ्याचा २५५, ४०, ०. दिसायला भाऊभाऊ, पण वागणूक एकदम उलटी! बारीक अक्षरांना कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक, निदान ४.५ ला १ लागतो, हा ॲक्सेसिबिलिटीचा, म्हणजे सगळ्यांना वाचता यावं यासाठीचा नियम. पहिल्या लालवर पांढरी अक्षरं टाकली तर ५.५ येतो, म्हणजे पास, दुसऱ्यावर ३.८, नापास. काळ्यावर लाल अक्षरं टाकली की बरोब्बर उलटं, पहिला ३.८ आणि दुसरा ५.६. म्हणजे लाइट थीम (पांढरी स्क्रीन) आणि डार्क थीमला (काळी स्क्रीन) एकच लाल चालत नाही, आणि हे पॅलेट देणारा कुणीही सांगत नाही. पिवळ्याचं तर विचारूच नका, २५५, २४२, ० वाला पिवळा पांढऱ्यावर १.२, दिसतच नाही, पण काळ्यावर तोच १८ च्या आसपास जातो, म्हणून ऑफरची पट्टी काळ्यावर पिवळी केली, नाद खुळा दिसते.

मराठी मजकुराकडं तर खास लक्ष द्यावं लागतं. लालवर पांढऱ्या बारीक अक्षरात "गिअर", "क्लच प्लेट", "बेअरिंग" लिहिलं की वेलांटी, अनुस्वार, मात्रा सगळं चमकून एकमेकांत मिसळतं. "मुक्त" नावाचा फॉन्ट जरा जाड करून, साइज वाढवून, ओळींत मोकळी जागा सोडली तेव्हा नीट वाचता यायला लागलं.

अजून एक, लाल हाच ब्रँडचा रंग असेल तर "पेमेंट झालं नाही" हे कुठल्या रंगात दाखवायचं? बटण पण लाल आणि धोका पण लाल, गिऱ्हाईक गोंधळणारच. मी एरर साध्या काळ्या अक्षरात, पुढं चिन्ह आणि स्पष्ट वाक्य असं ठेवलं. स्टॉक आहे की नाही ते पण लाल-हिरव्या ठिपक्यानं दाखवलं नाही, शब्दात लिहिलं, कारण बऱ्याच लोकांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही.

डार्क थीम रात्री घरात बघताना जबरदस्त वाटते, पण मेकॅनिक लोक दुपारी उन्हात, ऑइलच्या हातानं मोबाइल बघतात, तिथं काळ्या स्क्रीनवर आपलंच तोंड आणि बोटांचे डाग दिसतात. त्यामुळं मेन थीम पांढरीच. आणि गाडीच्या पेंटची चमक आणायला ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा) मारू नका प्लीज, ती चमक बेस कोट आणि वरच्या क्लिअर कोटमुळं येते, स्क्रीनवर नुसतं स्वस्त वाटतं. व्हिजिटिंग कार्डाला पण आधी सँपल प्रिंट काढा, स्क्रीनवरचा तो झगझगीत लाल शाईत मंद होतो.

मालकांना घोडा पण पाहिजे होता, त्याला मात्र मी सरळ नाही म्हटलं. तो दुसऱ्याचा लोगो आहे, आणि १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात तर रंगांची जोडणी पण ट्रेडमार्क होऊ शकते, त्यामुळं रंगांची प्रेरणा घ्या पण आपण फेरारीचेच कुणीतरी आहोत असं भासवू नका.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार. गॅरेज, स्पेअर पार्ट, जिम, फुटबॉलची टीम यांना बिनधास्त वापरा, दवाखान्याच्या किंवा पतसंस्थेच्या ॲपला नको. पांढरी थीम असेल तर २१२ वाला लाल घ्या, काळी असेल तर २५५ वाला.