गॅम्बेसन आणि आर्मर फिटिंग, माझा अनुभव
बुहर्टसाठी, म्हणजे मध्ययुगीन चिलखत घालून बोथट हत्यारांनी लढायच्या खेळासाठी, आर्मर (चिलखत) नीट बसवून घेतलं आणि खरंच खूप फरक पडलाय. कारागिराने मापं गॅम्बेसन, म्हणजे आतला जाड रजईसारखा कोट, अंगावर चढवूनच घेतली, हे फार महत्त्वाचं आहे कारण नुसत्या अंगावरून माप घेतलं की पत्रा काखेत रुततो आणि हात वरच जात नाही. पायाचे पत्रे आधी सारखे घसरायचे, आता कमरेच्या रुंद पट्ट्याला बांधून दिलेत त्यामुळे वजन कमरेवर येतं, गुडघ्याची वाटी जागेवर राहते. हेल्मेटचं पॅडिंग मात्र पहिल्यांदा सैल निघालं, मान वळवली तरी हेल्मेट तिथेच, आणि डोक्याच्या बाबतीत असं अजिबात चालत नाही! परत दिल्यावर नीट करून मिळालं. कोट घामाने भिजला की लवकर वाळत नाही, जमलं तर दोन शिवून घ्या.