कुत्र्यांचा डबा : आमच्या नखरेल बंड्यानं खाल्ला, पण मला पटला तो दुसऱ्याच कारणानं

हा रिव्ह्यू पुण्यातल्या एका घरगुती फ्रेश डॉगफूड सर्व्हिसचा आहे. नाव टाकत नाहीये, कारण असे डबेवाले आता प्रत्येक एरियात एक-दोन तरी आहेत आणि मी जे लिहितोय ते बघून तुम्हाला तुमच्या एरियातला पारखता येईल.

आमचा बंड्या गावठी, १२ किलोचा, नसबंदी झालेला आणि खाण्याच्या बाबतीत घरजावयासारखा. किबल, म्हणजे पोत्यात मिळणारं कोरडं दाणेदार डॉगफूड, ठेवलं की वास घेऊन निघून जातो. त्यावर चिकन टाकलं तर चिकन तेवढं वेचून खातो आणि किबलचे दाणे चाटूनपुसून स्वच्छ करून फरशीवर मांडून ठेवतो. मग आईला दया येते, आणि आईची दया म्हणजे तूप लावलेली पोळी. डॉक्टरांनी दात बघितले, रक्त तपासलं, गोचीडताप वगैरे काही नाही, सगळं नॉर्मल. (तुमचा कुत्रा आधी नीट खायचा आणि अचानक सोडलं असेल तर हा रिव्ह्यू नंतर वाचा, आधी डॉक्टरकडे जा.)

तर ही सर्व्हिस. चिकनचा खिमा, कलेजी, भात, लाल भोपळा, गाजर, सगळं शिजवून एकजीव केलेलं, २०० ग्रॅमची फ्रोझन पाकिटं, ९० रुपयाला एक. एकजीव हा मुद्दा महत्त्वाचा, कारण वेचायला काही सापडतच नाही. पाकीट गरम पाण्यात ठेवून कोमट केलं की वास सुटतो आणि साहेब स्वतःहून किचनमध्ये हजर. चवीला पैकीच्या पैकी, वाद नाही.

पण चिकन कुठला कुत्रा खात नाही हो? खातो म्हणजे डाएट चांगलं असं आपण धरून चालतो ना, तिथंच घोळ आहे. मी ऑर्डर देण्याआधी फोनवर एकच विचारलं, ताई, यात कॅल्शियम कुठून येतं? आधी एका दुसऱ्या ठिकाणी विचारलं होतं तर उत्तर आलं, दादा सगळं नॅचरल आहे, काळजी करू नका. विषय संपला. चिकनच्या मांसात फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम अगदी नावाला, भातानंही ते भरून निघत नाही. कुत्र्याला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी लागतं, दुपटीपर्यंत चालतं. खाण्यातून मिळालं नाही तर शरीर ते हाडांतून ओढतं, पिल्लांमध्ये तर हे फार लवकर दिसतं. म्हणजे नुसता चिकन-भात वर्षानुवर्षं घातला तर कुत्रा आनंदात आणि आतून पोकळ. २०१३ मध्ये अमेरिकेत डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोकांनी कुत्र्यांच्या २०० घरगुती रेसिपी तपासल्या होत्या, त्यातल्या ९५ टक्के रेसिपींमध्ये निदान एक तरी गरजेचा घटक कमी निघाला. त्यामुळे 'घरचं आहे' हे मला पुरेसं वाटत नाही.

या ताईंनी मात्र सरळ सांगितलं, अंड्याच्या कवचाची पावडर मोजून घालतो, वर झिंक, आयोडीन, व्हिटॅमिन डी आणि ई यांचं प्रीमिक्स म्हणजे तयार मिश्रण, आणि कलेजी मापातच कारण व्हिटॅमिन ए जास्त झालं तर तेही वाईट. रेसिपी व्हेट न्यूट्रिशनिस्टकडून, म्हणजे प्राण्यांच्या आहारतज्ज्ञाकडून करून घेतलीय, त्याचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवला. उलट मलाच विचारलं, बंड्याचं वजन किती, वय किती, नसबंदी झालीय का, फिरवता किती. (फोनवर मला 'बंड्याचे पप्पा' म्हणतात, ते सहन करावं लागतं.) हिशोब आला साधारण ७२० कॅलरी दिवसाला, म्हणजे तीन पाकिटं.

लेबलवर प्रोटीन ११ टक्के बघून बायको म्हणाली, किबलच्या पोत्यावर २४ लिहिलंय, मग हे महाग घेऊन उपयोग काय? तर यात ७० टक्के पाणी आहे आणि किबलमध्ये १० च्या आसपास. पाणी वजा करून बघा, याचं प्रोटीन ३७ टक्क्यांच्या जवळ जातं आणि किबलचं २७ च्या. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला कोरड्या वजनाच्या निदान १८ टक्के हवं, म्हणजे दोन्ही पास.

आता खटकलेलं. तीन पाकिटं म्हणजे दिवसाचे २७०, महिन्याचे आठ हजारच्या वर, एवढ्यात माणसाचा दोन वेळचा डबा येतो राव. म्हणून आम्ही एकच पाकीट घेतो आणि उरलेल्या कॅलरीचं किबल, साधारण १३५ ग्रॅम, कोमट पाणी टाकून त्यातच कालवतो. दोन्ही आपापल्या जागी पूर्ण आहार आहेत त्यामुळे मिसळलं तरी बॅलन्स बिघडत नाही. ग्रेव्हीच्या पाऊचचं तसं नाही, बऱ्याच पाऊचवर बारीक अक्षरात 'पूरक आहार' लिहिलेलं असतं, ते चमचाभर वरून ठीक, त्यावर पोट भरायचं नाही. खाऊ, बिस्किटं, पोळी सगळं धरून १० टक्के कॅलरीच्या आत. आईशी या दहा टक्क्यांवरून अजून वाटाघाटी चालू आहेत.

डिलिव्हरी ढिसाळ आहे, एकदा पाकिटं अर्धी वितळलेली आली, फोन केल्यावर बदलून दिली पण उन्हाळ्यात सकाळचाच स्लॉट घ्या. पनीर-भोपळ्याचं व्हेज पाकीट बंड्यानं हुंगलंसुद्धा नाही, ते मांजरानंही सोडलं.

ऑर्डर द्यायची तर आधी ट्रायलची चार पाकिटं मागवा, फ्रीझरमध्ये जागा करून ठेवा. जुन्या खाण्यात थोडं थोडं वाढवत आठवडा-दहा दिवसांत बदला, नाहीतर जुलाब ठरलेले. आणि ताट २० मिनिटांनी उचला, रिकामं असो वा नसो. आमच्याकडे हे आई देवळात गेल्यावरच जमतं. पाचपैकी चार, एक स्टार किमतीचा कापला.